शिडीवरची पायरी आणि कालचा दिवस

दर वर्षी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच वाद पेटतो. २० मार्च हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला आंतरराष्ट्रीय आनंद दिन. त्याच सुमारास जागतिक आनंद अहवाल येतो आणि पेपरात मथळा झळकतो: फिनलंड पुन्हा पहिला, भारत शंभराच्याही पलीकडे. २०२५ च्या अहवालात १४७ देशांत आपला क्रमांक ११८ वा होता, त्याच्या आदल्या वर्षी १४३ देशांत १२६ वा. पाकिस्तान १०९ वर होता आणि निम्मी भांडणं त्यावरूनच झाली. कुणी म्हणालं, आकडे बनवलेले आहेत. कुणी म्हणालं, जिथे हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो तिथली माणसं आपल्यापेक्षा आनंदी कशी असतील? आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंनी एवढंच लिहिलं, "पण त्यांनी विचारलं काय होतं?"

काकूंना कुणी उत्तर दिलं नाही. मला मात्र तो प्रश्न सुटेना, म्हणून मी अहवाल आणि त्यामागचे अभ्यास वाचत गेले. त्यातून जे समजलं ते रोजच्या जगण्याच्या इतकं कामाचं आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

विचारलं काय होतं?

प्रश्न असा आहे: समजा, एक शिडी आहे. सगळ्यात खालची पायरी शून्य, सगळ्यात वरची दहा. वरची पायरी म्हणजे तुम्हाला लाभू शकेल असं उत्तमातलं उत्तम आयुष्य, खालची म्हणजे वाईटातलं वाईट. आज तुम्ही कितव्या पायरीवर उभे आहात?

क्रमवारी लावायला एवढा एकच प्रश्न वापरतात. हॅडली कँट्रिल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात तो मांडला, म्हणून त्याला कँट्रिलची शिडी म्हणतात. गॅलप ही संस्था बहुतेक देशांत वर्षाला साधारण हजार माणसांना तो विचारते आणि क्रमवारीसाठी तीन वर्षांची सरासरी काढली जाते. उत्पन्न, आरोग्य, भ्रष्टाचार, अडीअडचणीला धावून येणारी माणसं असे सहा घटक अहवालात असतात, पण त्यांची बेरीज करून क्रमांक ठरत नाही. लोकांनी सांगितलेली पायरी हाच क्रमांक. ते सहा घटक नंतर येतात, एका देशाची पायरी वर आणि दुसऱ्याची खाली का, हे उलगडायला.

आपल्याएवढ्या मोठ्या देशात अशी मूठभर माणसं पुरतात का? शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. भात सगळीकडून सारखा शिजला असेल तर एक शीत पुरतं. तळाला लागला असेल आणि वर कच्चा असेल तर चार ठिकाणची शितं दाबून बघावी लागतात. भारतासारख्या देशात गाव, शहर, राज्य, भाषा यांची चार नव्हे, चाळीस ठिकाणं आहेत. म्हणून चार-पाच क्रमांक वर गेलो की खाली आलो, यावरून भांडण्यात अर्थ नाही. पण २०२५ मध्ये फिनलंडची सरासरी ७.७४ होती आणि आपली ४.३९. तीन पायऱ्यांहून मोठं अंतर शीत चुकल्यामुळे पडत नाही.

समाधान वेगळं, दिवस वेगळा

आमच्या घरात मी हा प्रश्न बाबांना विचारला. बाबा ८१ वर्षांचे आहेत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "सहा. तुझी आई होती तेव्हा आठ सांगितले असते."

मग मी विचारलं, "आणि काल कसा गेला?"

"काल? काल एकदम झकास. काल कटिंगला गेलो होतो ना."

या दोन उत्तरांत सगळा विषय आहे. शिडीचं उत्तर देताना माणूस सबंध आयुष्याकडे मागे वळून बघतो: काय मिळालं, काय राहिलं, कोण गेलं. याला आपण समाधान म्हणू. कालच्या दिवसाबद्दल विचारलं की हिशोब तासांचा होतो: किती वेळ हसलो, किती वेळ चिडलो, कुणाशी बोललो. याला आपण रोजचा आनंद म्हणू. गॅलप हेही विचारते. काल तुम्ही खूप हसलात का? नीट विश्रांती मिळाली का? काल तुम्हाला लोकांनी आदराने वागवलं का? काही नवं शिकलात का?

दोन्ही मापं एकमेकांना धरून असतात, पण एक नसतात. पगार वाढला की शिडीवरची पायरी बरीच चढते, कालचा दिवस तेवढा बदलत नाही. मूल लहान असताना आई दिवसभर दमलेली असते, आणि तरी आयुष्याबद्दल विचारलं तर समाधानी असल्याचं सांगते. आपण आनंदाबद्दल वाद घालतो तेव्हा निम्म्या वेळा एक जण पायरीबद्दल बोलत असतो आणि दुसरा कालच्या दिवसाबद्दल. पायरी बदलायला वर्षं लागतात आणि त्यातलं पुष्कळसं आपल्या हातात नसतं. दिवस मात्र रोज नव्याने येतो, म्हणून पुढचं बहुतेक बोलणं त्याच्याबद्दल आहे.

एका मंगळवारचा हिशोब

रोजचा आनंद मोजायचा कसा? डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञाने (त्यांना २००२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक सोपी रीत वापरली. टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार महिलांना त्यांनी आदला दिवस प्रसंगांमध्ये तोडून लिहायला सांगितला: कुठे होतात, काय करत होतात, कुणाबरोबर, आणि तेव्हा कसं वाटत होतं. सर्वांत खाली आला कामावर जाण्यायेण्याचा प्रवास, त्यातही सकाळचा. वरच्या बाजूला जवळच्या माणसाचा सहवास, मित्रमंडळींबरोबरचा वेळ, निवांत बसणं, जेवण.

मी हे स्वतःवर करून पाहिलं. जानेवारीतला एक मंगळवार. रात्री वहीत दोन रकाने आखले, डावीकडे प्रसंग, उजवीकडे दहापैकी गुण. पहाटेचा चहा, एकटीने, सात. डबे आणि पोळ्या, पाच. पुण्यात वारज्याहून हिंजवडीला कंपनीच्या बसने, दीड तास, दोन. ऑफिसातली सकाळ सहा, जेवणाची सुट्टी आठ, दुपारची मीटिंग चार. परतीचा प्रवास, भूमकर चौकात गाडी हलेचना, एक. घरी आल्यावर अर्धा तास सोफ्यावर पडून फोन बघितला. त्याला मी सात देणार होते, कारण दिवसभर मी त्याचीच वाट बघत होते. पण खरं सांगायचं तर तीनच. उठले तेव्हा आधीपेक्षा जास्त थकले होते.

आणि मग जेवणानंतर मटार. दोन किलो मटार घेतले होते, ते सोलायचे राहिले होते. ताटात शेंगा ओतल्या, मुलगा समोर येऊन बसला, बाबांनीही खुर्ची ओढली. वीस-पंचवीस मिनिटं. मुलाने कॉलेजातलं काहीतरी सांगितलं, बाबांनी नारायण पेठेतल्या वाड्यात आजी पोतंभर शेंगा सोलायला कशी बसवायची ते सांगितलं. एक दाणा उडून कपाटाखाली गेला. नऊ. त्या दिवसातले सगळ्यात जास्त गुण मटारांना.

हे काम मी कटकट म्हणून पुढे ढकलत आले होते. मग मला मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांचा २०१० चा अभ्यास आठवला. त्यांनी २,२५० माणसांना फोनवरून दिवसातून अधूनमधून विचारलं: आत्ता काय करताय, मन तिथेच आहे का, आणि कसं वाटतंय? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन भलतीकडेच असायचं, आणि तेव्हा माणसं कमी आनंदी असायची. मटार सोलताना दोन्ही हात गुंतलेले असतात, फोन घेता येत नाही, समोर माणसं असतात आणि काम इतकं सोपं की बोलताही येतं. मन जायचं कुठे?

एक दिवस असा लिहून बघा. शक्यतो साधा वार निवडा, सणाचा नको. आपल्याला कशातून बरं वाटतं याबद्दलचा आपला अंदाज किती चुकतो, हे वहीत दिसल्याशिवाय पटत नाही.

नवं घर जुनं का होतं

अंदाज चुकण्याचं मोठं कारण म्हणजे आपण सरावतो. अभ्यासक याला अनुकूलन म्हणतात. साध्या शब्दांत, अंगवळणी पडणं. बाहेरून येणाऱ्याला जिन्यातच फोडणीचा वास येतो, स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईला पाच मिनिटांनी तो येईनासा होतो. वास गेलेला नसतो. नाकाने त्याची दखल घेणं सोडलेलं असतं, कारण नवीन काही आलं तर ते कळायला हवं.

आम्ही वाड्यातून वारज्याच्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा गॅलरीतून डोंगर दिसतो म्हणून पाहुण्यांना आधी गॅलरीत न्यायचे. चार महिन्यांत तिथे कपडे वाळत पडायला लागले आणि डोंगर दिसेनासा झाला.

१९७८ चा एक अभ्यास या संदर्भात हमखास सांगितला जातो: लॉटरी लागलेली माणसं इतरांपेक्षा फारशी आनंदी नव्हती आणि रोजच्या छोट्या गोष्टींतली त्यांची गोडी उलट कमी झाली होती. पण त्यात लॉटरीवाले होते फक्त २२. स्वीडनमध्ये पुढे फार मोठ्या संख्येने लॉटरी विजेत्यांचा अभ्यास झाला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की मोठी रक्कम मिळालेल्यांचं समाधान दहा-दहा वर्षांनंतरही वाढलेलं होतं, रोजच्या आनंदावरचा परिणाम मात्र बराच कमी होता. पुन्हा तेच, पायरी वेगळी आणि दिवस वेगळा. "पैसा आला तरी माणूस सुखी होत नाही" हे वाक्य जितक्या सहज फेकलं जातं तितकं खरं नाही.

काही गोष्टी मात्र अंगवळणी पडत नाहीत. मनाविरुद्ध गेलेली नोकरी, सततचं दुखणं, अवेळी होणारा कर्कश आवाज. आणि ट्रॅफिक. मोठ्या खोलीला आपण सरावतो कारण ती रोज तेवढीच मोठी असते. कोंडी रोज वेगळी असते. आज वीस मिनिटं उशीर, उद्या पन्नास, परवा पाऊस. रोज नवा त्रास, म्हणून रोज तो नव्याने टोचतो. वाहतुकीचा वेग मोजणाऱ्या टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या आकडेवारीत पुणे जगातल्या सर्वांत संथ शहरांत चौथं होतं. १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटांहून जास्त. ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या दोन अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांची आकडेवारी तपासली तेव्हा त्यांना दिसलं की लांबचा प्रवास करणारी माणसं आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात. जास्त पगार किंवा मोठं घर त्याची पुरती भरपाई करत नाही.

पुण्यात घर घेताना आपण नेमका उलटा हिशोब करतो. एक बेडरूम जास्त मिळते म्हणून आठ-दहा किलोमीटर लांब जातो. बेडरूमची सवय वर्षात होते, प्रवासाची कधीच होत नाही. घराचा चौरस फूट दर सगळे विचारतात. ऑफिसला पोचायला किती मिनिटं लागतील, तेही सोमवारी सकाळी नऊ वाजता, हे विचारणारा क्वचित.

हवंसं वाटणं आणि आवडणं

माझ्या सोफ्यावरच्या अर्ध्या तासाला सातऐवजी तीन का मिळाले? डोपामिन हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे आणि त्याला सर्रास आनंदाचं रसायन म्हणतात. केंट बेरिज या मेंदूतज्ज्ञाचं संशोधन वेगळं सांगतं. ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवलं होतं, ते अन्नाकडे जातही नव्हते. पण तोंडात गोड थेंब टाकला की ते तो नेहमीसारखेच चवीने चाटत. म्हणजे आवडणं शाबूत होतं, हवंसं वाटणं गेलं होतं. डोपामिनचं मुख्य काम हे दुसरं.

फोन बोलावतो तेव्हा ही ओढ जागी असते. एक व्हिडिओ संपला की पुढचा हवा, तो संपला की आणखी एक. त्यातला आवडलेला कितवा होता, ते आठवतही नाही. टेकडीचं बरोबर उलट असतं. पहाटे साडेपाचला वेताळ टेकडीवर जावंसं कुणालाच वाटत नाही. वर गेल्यावर, वारा लागल्यावर, मोराचा आवाज ऐकल्यावर आलो याचं वाईट वाटलेला माणूस मला भेटलेला नाही. तेव्हा आत्ता काय हवंसं वाटतंय यापेक्षा मागच्या वेळी हे करून झाल्यावर कसं वाटलं होतं, हे आठवणं जास्त भरवशाचं आहे.

बाबांचं कटिंग

आता बाबांकडे येते, कारण या विषयातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट तिथे आहे.

वारज्यात आमच्या बिल्डिंगखाली केस कापायची दोन दुकानं आहेत, त्यातलं एक एसीचं. बाबा तिथे जात नाहीत. महिन्यातून एकदा ते ज्येष्ठांचा पास खिशात घालून बसने डेक्कनला उतरतात, लकडी पुलावरून अलका टॉकीजच्या चौकात येतात आणि नारायण पेठेतल्या त्यांच्या जुन्या दुकानात जातात. कटिंग वीस मिनिटांचं, सगळ्याला मिळून चार तास. मी अनेकदा रागावले आहे. मग एकदा सुट्टी होती म्हणून बरोबर गेले.

पुलावरच्या फुलवाल्या बाईंनी विचारलं, "काका, मागल्या महिन्यात दिसला नाहीत?" दुकानात शिरताच आतल्याने काही न विचारता खुर्चीची उशी बदलली, कारण बाबांची कंबर दुखते हे त्याला माहीत आहे. तो बाबांच्या वडिलांचेही केस कापणाऱ्याचा मुलगा. बाजूला पेपर वाचत बसलेल्या दोघांशी बाबांची ओळख फक्त "काय, बरं ना?" एवढीच, नावंही धड माहीत नाहीत. परतताना अमृततुल्यमध्ये चहा, तिथेही साखर कमी टाकायची हे सांगावं लागलं नाही. घराबाहेर पडल्यापासून परत येईपर्यंत बाबांशी नऊ माणसं बोलली. मी मोजली. वारज्यात आठवड्याभरात एवढी बोलत नाहीत.

अशा नात्यांना अभ्यासक सैल धागे म्हणतात: मैत्री नाही, नातं नाही, नुसती तोंडओळख. जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी २०१४ मध्ये दाखवलं की कॉफीच्या दुकानात विक्रेत्याशी हसून दोन शब्द बोललेली माणसं गपचूप कॉफी घेऊन गेलेल्यांपेक्षा जास्त खुशीत होती. त्याच वर्षी निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी शिकागोच्या लोकलमधल्या प्रवाशांना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं. बोलण्याने प्रवास कंटाळवाणा होईल असा लोकांचा अंदाज होता. बोललेल्यांचाच प्रवास जास्त छान झाला.

घट्ट धाग्यांचं महत्त्व तर आहेच. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून एक अभ्यास चालू आहे, त्यात त्याच माणसांचं आयुष्य तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत पाहिलं गेलं. पन्नाशीत ज्यांची नाती समाधानाची होती ती माणसं ऐंशीत जास्त धडधाकट होती, असं तिथे दिसलं. २०२५ च्या आनंद अहवालात एकत्र जेवण्यावर सबंध प्रकरण आहे. जास्त जेवणं कुणाबरोबर तरी घेणारी माणसं शिडीवर वर असतात. आणि एकटं जेवणं किती सर्रास झालंय तेही कळतं: अमेरिकेत २०२३ मध्ये चारातल्या एकाने आदल्या दिवशीची सगळी जेवणं एकट्याने केली होती. हे वाचून आम्ही घरात एक नियम केला, रात्रीचं ताट कुणीही आपापल्या खोलीत न्यायचं नाही. मुलगा पहिले आठ दिवस कुरकुरला.

पण पैशाशिवाय काय होतं?

हा आक्षेप रास्त आहे. मीही महिन्याचा हप्ता भरते. २०१० मध्ये कानेमन आणि अँगस डीटन यांनी लिहिलं होतं की अमेरिकेत वर्षाला ७५,००० डॉलरनंतर रोजचा आनंद वाढायचा थांबतो. ती बातमी जगभर फिरली. किलिंग्जवर्थ यांना २०२१ मध्ये तसं काही सापडलं नाही, आनंद वाढतच होता. मग २०२३ मध्ये कानेमन आणि किलिंग्जवर्थ या दोघांनी, बार्बरा मेलर्स यांच्यासह, वाद घालण्याऐवजी एकत्र बसून आकडे तपासले. बहुतेकांचा आनंद उत्पन्नाबरोबर वाढत राहतो. सगळ्यात दुःखी अशा साधारण १५ ते २० टक्के लोकांचा मात्र एका मर्यादेपुढे वाढत नाही, कारण त्यांचं दुःख पैशाने जाण्यासारखं नसतं. दोन नामवंत अभ्यासकांनी आपली मतं अशी उघडपणे तपासून घ्यावीत, याचं मला फार कौतुक वाटतं.

यात लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे पैशाचा असर पटीत मोजायचा असतो. महिना दहा हजारांचे वीस हजार झाले तर जेवढा फरक पडतो, साधारण तेवढाच फरक एक लाखाचे दोन लाख झाल्यावर पडतो. तेच दहा हजार धुणंभांडी करणाऱ्या ताईंच्या घरात मुलीची फी, दवाखाना, छप्पर असतात. आमच्या घरात ते नवा टीव्ही असतात, ज्याला आम्ही दोन महिन्यांत सरावतो.

"माणसाचा स्वभावच तसा असतो"

हेही अर्धं खरं. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असं दिसतं की माणसामाणसांत आनंदाचा जो फरक असतो, त्यातला साधारण ३० ते ४० टक्के अनुवंशातून येतो. इथे एक घोटाळा नेहमी होतो. याचा अर्थ "माझा ४० टक्के आनंद जन्मतः ठरलेला" असा नाही. हा आकडा लोकांमधल्या फरकाचा आहे, एकट्याच्या आनंदाच्या वाटणीचा नाही. गळा जन्मतः गोड असू शकतो. पण ज्या गावात शिकवायला गुरू नाही, ऐकायला मैफल नाही, तिथे तो गळा किती फुलणार?

आणि सतत आठवडेच्या आठवडे काहीच गोड लागत नसेल, झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो स्वभाव नाही आणि मटार सोलून तो जाणारही नाही. तो आजार असू शकतो आणि त्याला औषध आहे, डॉक्टर आहेत. टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते, मराठीतही बोलता येतं.

हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याला काय लागू?

बरेच अभ्यास तिथले आहेत, हे खरं. पण कोलकात्यात २००१ मध्ये रॉबर्ट बिस्वास-डीनर आणि एड डीनर यांनी झोपडपट्टीत राहणाऱ्या, फुटपाथवर झोपणाऱ्या आणि देहविक्रय करणाऱ्या ८३ जणांशी बोलून एक अभ्यास केला. एकूण आयुष्याबद्दल ती माणसं नाराजीकडे झुकलेली होती, आणि असणारच. पण घरची माणसं, मित्र याबद्दल विचारलं तेव्हा त्यांची उत्तरं समाधानाची होती. गरिबी गोड आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. तसा अर्थ काढणं अन्यायाचं होईल. सगळं हातातून गेल्यावरही माणसाला धरून ठेवणारी माणसंच असतात, एवढं मात्र टेक्सासपासून कोलकात्यापर्यंत सारखं दिसतं.

मग सगळं माझ्यावरच का?

हा आक्षेप मला सगळ्यात पटतो. "सकारात्मक राहा" असं सांगून माणसाला एकटं सोडून देणं सोपं असतं. भूमकर चौकात अडकलेल्या बसमध्ये दीर्घ श्वास घेतल्याने चौक मोकळा होत नाही.

फिनलंडच्या पहिल्या क्रमांकाचं कारण शोधताना विश्वास हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. हरवलेलं पाकीट परत मिळेल असं वाटतं का, हा त्यातला एक प्रश्न, आणि उत्तरेकडचे ते देश त्यात वरच्या रांगेत आहेत. अहवालातला पुढचा भाग मला फार आवडला: जगभर प्रत्यक्षात परत येणारी पाकिटं लोकांच्या अंदाजाच्या सुमारे दुप्पट असतात. शेजारच्या माणसाला आपण तो आहे त्यापेक्षा वाईट समजत असतो.

असा विश्वास रुजायला माणसं एकमेकांसमोर यावी लागतात, आणि त्याला जागा लागते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या राहणीमान सुलभता निर्देशांकात १११ शहरांत पुणे पहिलं आलं होतं. त्याचा मला अभिमान वाटला होता, आजही वाटतो. पण बाबांशी बोललेल्या नऊ माणसांचा हिशोब कुठल्याच निर्देशांकात नसतो. ती भेटतात ती चालता येण्याजोग्या फुटपाथवर, बसमध्ये, पुलावर, चहाच्या टपरीशी, टेकडीवर, सारसबागेतल्या बाकावर. टेकडी फोडून रस्ता काढायचा प्रस्ताव येतो तेव्हा चर्चा वाचणाऱ्या मिनिटांची होते. रोज पहाटे तिथे एकमेकांना राम राम घालणाऱ्या माणसांचं काय होईल, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. फुटपाथ, बस आणि टेकडी हा माझ्या मते आरोग्यासारखाच सार्वजनिक खर्चाचा विषय आहे, आणि मत मागायला येणाऱ्याला तो विचारायला हवा.

आमच्या जवळच्या थांब्यावरचा बाक रस्ता रुंद करताना काढला, तो परत बसवलेला नाही. कटिंगच्या दिवशी बाबा तिथे पंधरा-वीस मिनिटं काठीवर भार देऊन उभे असतात. मागच्या महिन्यात परत आल्यावर मी मुद्दाम गॅलपचा तो प्रश्न विचारला, आज तुम्हाला लोकांनी आदराने वागवलं का? बाबा म्हणाले, "हो तर. ड्रायव्हरने गाडी अगदी कडेला लावली, आणि मी बसेपर्यंत हलवली नाही."